डावीकडची पावलं

ताई, मी घणसोलीला राहते. वय १९, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांची असताना गालगुंड झाले आणि डावा कान गेला. उजव्याने सगळं ऐकू येतं, त्यामुळे कॉलेजात फारसं कुणाला माहीत नाही. आम्ही चौघी मैत्रिणी फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. सुट्टीत दादाच्या पीसीवर मी व्हॅलोरंट हा तसलाच गेमही खेळते. डावीकडून कुणी आलं की मला कळतच नाही. परवा शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे मैदान आकसत शेवटी उरतं त्या छोट्या वर्तुळात, डाव्या बाजूने एक जण चक्क चालत आला आणि आम्ही हरलो. आमच्यातली एक ओरडली, "अगं पावलं वाजत होती की! बहिरी आहेस का?" मी हसले आणि फोन ठेवून दिला. वाशीच्या एका दुकानात ७.१ सराउंडचा हेडफोन बघितलाय, साडेसहा हजारांचा. दुकानदार म्हणाला, याने चारही बाजूंचं ऐकू येतं. बाबा म्हणतात, हवा तर घे. घेऊ का? सध्या मी आवाज फुल ठेवून खेळते, म्हणजे डावीकडचं थोडं तरी कानावर पडेल. हल्ली खेळून झाल्यावर रात्री उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. आणि मुलींना माझ्या कानाचं सांगू का?
— एका कानाची, घणसोली

प्रिय मुली,

हेडफोनचं नंतर बोलू. आधी ती शिट्टी.

खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजते आणि सकाळी थांबते, याचा अर्थ त्या रात्री कानाला सोसवेल त्याहून जास्त आवाज मिळाला. आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली की सावरतात. पण रोज तोच मार बसला तर काही मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही कान शाबूत असलेल्या माणसाचा एक कान थोडा उतरला तर दुसरा सांभाळून घेतो. तुझ्याकडे तो दुसरा नाही. म्हणून शिट्टी पूर्ण थांबेपर्यंत हेडफोन कानाला लावू नकोस. त्यानंतर लावशील तो आवाज कमी करूनच.

कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी जी मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. ९५ ला पोचलीस तर सव्वा तास, आणि तोही दिवसाचा नव्हे, अख्ख्या आठवड्याचा. फोनचा आवाज फुल केला की अनेक हेडफोन शंभरी गाठू शकतात, तिथे आठवड्याचा कोटा वीसेक मिनिटांत संपतो. तुमचा एक सामनाच त्याहून लांब चालतो. गेम खेळणाऱ्यांचा हा धोका इतका खरा आहे की ३ मार्च २०२५ ला, जागतिक श्रवण दिनी, याच संघटनेने व्हिडिओ गेम आणि ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित ऐकण्याचं वेगळं मानक जाहीर केलं. आयफोन असेल तर हेडफोनमधला आवाज किती डेसिबल चाललाय ते त्याच्या कंट्रोल सेंटरमध्ये दिसतं. नसेल तर घरगुती खूण सांगते: हेडफोन लावून खेळत असताना आई हाताच्या अंतरावरून साध्या आवाजात बोलली आणि तुला शब्द कळले नाहीत, तर आवाज जास्त आहे. आई तुझ्या उजव्या बाजूला हवी, हे तुला सांगायला नकोच.

आणि या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. पालिकेच्या रुग्णालयाची ओपीडी चालेल. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घे, दोन्ही कानांचा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, वाणी आणि श्रवणाच्याच कामाची. वाशीहून हार्बर पकडून वडाळा रोडला गाडी बदललीस की वांद्रे. कान लहानपणी गेला म्हणून पुन्हा कुणी तपासलाच नाही, असं बऱ्याच घरांत होतं. तुझ्याही झालं असेल तर आता तपासू दे. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचार: माझा दोष आतल्या कानाचा, नसेचा आहे की बाहेरच्या-मधल्या कानाचा? गालगुंडाने जातो तो बहुतेक वेळा आतला कान, पण गृहीत धरू नकोस. पडद्याला भोक, कान वाहणं, बाहेरचा कानच नीट न घडणं, अशा कारणाने ऐकू येत नसेल तर आतला कान चांगला असू शकतो, आणि मग पुढचा सगळा हिशेबच बदलतो. ही संस्था आणि बहुतेक मोठी रुग्णालयं तुला दुसऱ्याही गोष्टी दाखवतील: डाव्या बाजूचा आवाज उचलून उजव्या कानात पोचवणारं क्रॉस श्रवणयंत्र, हाडातून आवाज नेणारी यंत्रं, काहींना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र. त्यातलं तुला काय लागू पडतं ते ऑडिओग्राम बघणारी व्यक्तीच सांगेल, मी नाही.

एवढं एक वाक्य मात्र पाठ कर. उजव्या कानाचं ऐकणं कधीही अचानक कमी झालं, झोपेतून उठल्यावर कान भरल्यासारखा वाटला आणि उघडलाच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. मळ असेल, सर्दी असेल म्हणत थांबायचं नाही. अचानक आलेल्या बहिरेपणावर औषध सुरू करायला सुरुवातीचे काही दिवसच मोलाचे असतात.

आता तो हेडफोन. घेऊ नकोस. साडेसहा हजार वाचव.

दुकानदार तुला फसवत होता असं मी म्हणत नाही, त्याने खोक्यावरचं वाचून दाखवलं. पण बहुतेक ७.१ हेडफोनांत दोन्ही बाजूंना एकेकच स्पीकर असतो, आणि चार दिशांचा जो भास होतो तो सॉफ्टवेअर तयार करतं. तो भास दोन कानांवर उभा आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला नंतर. दोन्हींतलं अंतर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. शिवाय डोकं मध्ये येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात आवाज कमी आणि बोथट पोचतो, त्यातला चरचरीतपणा जास्त गळतो. याला डोक्याची सावली म्हणतात. दोन कानांतला हा फरक मोजायला दोन कानच लागतात. साडेसहा हजारांचा असो की साठ हजारांचा, हेडफोन तो दुसरा कान देऊ शकत नाही.

तुझी खरी अडचण आणखी साधी आहे. साध्या स्टिरिओत गेम डावीकडचे आवाज डाव्या स्पीकरला पाठवतो. म्हणजे डावीकडची पावलं तुझ्या बंद कानावर जाऊन आदळतात आणि तिथेच संपतात. आवाज फुल करून फायदा होत नाही तो याचमुळे. उजव्या कानाला उजवीकडच्याच गोळ्या दुप्पट जोराने लागतात.

मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करते, ठाण्यात राहते. आमचा प्रकाशयोजनेचा एक मुलगा जन्मापासून एकाच, उजव्या कानाने ऐकतो. तालमीत तो नेहमी सतरंजीच्या डाव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळी माणसं त्याच्या चांगल्या कानाकडे येतात. मागून कुणी हाक मारली की तो लगेच वळत नाही. मान आधी थोडी उजवीकडे, मग थोडी डावीकडे नेतो, जिथे हाक मोठी वाटते तिकडे बघतो. सगळं मिळून एक सेकंद. बूथमधला आमचा बोलण्याचा हेडसेट एकाच कानाचा असतो, त्यामुळे प्रयोग चालू असताना तो आणि मी अगदी बरोबरीचे. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. पुढचं बरंचसं आम्ही दोघांनी, माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर, एका रविवारी दुपारभर बसून करून पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट, मोनो. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून दोन्ही स्पीकरना सारखेच पाठवायचे. हे सेटिंग तुझ्या फोनमध्ये आजच आहे, फुकट. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऐकण्याच्या किंवा ऑडिओच्या भागात मोनो ऑडिओ. कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत मोनो टाइप केलंस की सापडेल. आयफोनवरही ॲक्सेसिबिलिटीतच, ऑडिओच्या भागात. तिथेच डावी-उजवी बॅलन्सची पट्टी असते, ती मध्यावर राहू दे. ती उजवीकडे ढकलली की डावीकडचं एकत्र होत नाही, फक्त बंद होतं. विंडोज ११ वर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ. दादाकडे प्लेस्टेशन ५ असेल तर त्यातही २०२२ पासून हेडफोनसाठी मोनो आलंय. एक्सबॉक्समध्येही आहे.

चालू झालं का ते गेममध्ये जाऊन तपासू नकोस, तिथे इतकं काही वाजत असतं की कळणार नाही. यूट्यूबवर डावा-उजवा स्पीकर तपासायच्या चित्रफिती असतात, ती लाव. "लेफ्ट" हा शब्द उजव्या कानात स्वच्छ ऐकू आला की झालं. आमच्या मुलाने हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्याने लगेच एक जुनं लोकगीत लावलं, लहानपणापासून हजारदा ऐकलेलं, आणि मध्येच माझा हात धरून म्हणाला, "ताई, याच्यात संबळ आहे?" संबळ पूर्ण गाणंभर वाजतो. डाव्या बाजूला.

तुलाही असे काही संबळ सापडतील. पण खेळात मोनोची एक किंमत आहे. आता सगळी पावलं ऐकू येतात, पण कुठून येतात ते अजिबात नाही. डावी, उजवी, मधली, सगळी एका ढिगात. "कुणीतरी आहे" एवढं कळतं. त्या शेवटच्या सर्कलमध्ये एवढं कळलं असतं तरी तू वळली असतीस, म्हणून फोनवर मी मोनोच सांगेन. पीसीवर मात्र याहून चांगलं करता येतं, आणि आमची ती दुपार मुख्यतः त्यातच गेली.

आठव, आमचा मुलगा मान फिरवून आवाज शोधतो. गेममध्ये मान म्हणजे माउस. स्टिरिओ असेल तर तू कॅमेरा डावीकडे वळवलास की डावीकडचं पाऊल समोर येतं, आणखी वळवलास की उजव्या बाजूला येऊन तुझ्या कानात मोठं होतं. पूर्ण मोनोत कितीही फिरवलास तरी आवाज तेवढाच. म्हणजे मोनो तुझी ही मान फिरवायची सोय काढून घेतं. मग मधला रस्ता असा: डावीकडचं उजव्या कानात आणायचं, पण पूर्ण जोराने नाही, आणि थोडं बोथट करून. निसर्गात डोक्याची सावली जे करते तेच.

विंडोजवर यासाठी इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. बसवताना ते कुठल्या उपकरणासाठी हवं ते विचारतं, तिथे तुझा हेडफोन निवड आणि पीसी रीस्टार्ट कर. मग त्याच्या एडिटरमध्ये वरून खाली या क्रमाने ओळी घाल. सगळ्यात वर प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाज आधीच खाली आणणारी ओळ, उणे ६ डेसिबल. दोन बाजू एकत्र झाल्या की आवाज दुप्पट होऊन फाटू शकतो, त्यासाठी ही आधीच सोडलेली जागा. त्याखाली चॅनेल, फक्त डावा. त्याखाली हाय शेल्फ फिल्टर, २५०० हर्ट्झपासून वर, उणे ९ डेसिबल. इथे डावीकडचा आवाज बोथट झाला. मग चॅनेल पुन्हा सगळे. शेवटी कॉपी, उजव्यात उजवा पूर्ण अधिक डाव्याचा ०.८ पट. विंडोजचं मोनो मात्र आधी बंद कर, नाहीतर केलेलं सगळं पुन्हा एका ढिगात जाईल. सॉफ्टवेअर पीसीवर सगळीकडे लागू होतं, तेव्हा तुझं झालं की टिक काढून ठेव, नाहीतर दादा त्याचा हेडफोन बिघडला म्हणून शोधत बसेल.

याने काय होतं ते सांगते. भाचीने गेमच्या सरावाच्या खोलीत शिरून आमच्याभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली. मुलगा डोळे मिटून, उजव्या कानाने ऐकत. ती उजवीकडे असताना खडीचा आवाज चर्र चर्र, टोकदार. ती मागून डावीकडे गेली तशी तीच खडी गोणपाटाखाली पसरल्यासारखी झाली. ऐकू येते, पण धार गेलेली. पहिल्या दहा मिनिटांत तो निम्म्या वेळा चुकला. तासाभरानंतर माउस एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हलवून तो बहुतेक वेळा बरोबर बाजू सांगत होता. समोर की मागे, हे मात्र त्याला जवळजवळ कधीच सांगता आलं नाही, आणि वरच्या मजल्यावर की खालच्या तेही नाही. ते तुलाही येईल अशी आशा ठेवू नकोस. ०.८ आणि उणे ९ हे त्याच्या कानाचे आकडे आहेत. तुझे वेगळे असतील. दर वेळी एकच आकडा बदल, लिहून ठेव, दोन दिवस खेळ, मग पुढचा.

हे सॉफ्टवेअर गेमच्या फाइलींना हात लावत नाही, विंडोजच्या आवाजाच्या वाटेत बसतं. तरी एखाद्या स्पर्धेत उतरणार असशील तर आयोजकांना आधी लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. विंडोजच्या आपल्या मोनोला सहसा कुणी हरकत घेऊ नये, ते सगळ्यांसाठीच दिलेलं सेटिंग आहे.

व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे. तो पावलांसारखे आवाज दोन कानांना कसे पोचतील याची नक्कल करतो, म्हणजे डावीकडची पावलं उजव्या कानातही थोडी, सावलीतली, पाठवतो. त्यामुळे तुझ्यासाठी दोन जोड्या होतात: एचआरटीएफ चालू आणि मोनो बंद, किंवा मोनो चालू आणि एचआरटीएफ बंद. दोन्ही पाळीपाळीने खेळून बघ. दोन्ही एकदम चालू ठेवू नकोस. एका कानासाठी मुद्दाम उशिरा पाठवलेला आवाज दुसऱ्यात मिसळला की काही सूर एकमेकांना खातात आणि पाऊल रिकाम्या पिंपात पडल्यासारखं पोकळ होतं. हाच नियम सराउंडचा भास देणाऱ्या विंडोज सोनिकला, डॉल्बी ॲटमॉसला आणि हेडफोनच्या खोक्यावरच्या त्या ७.१ लाही. मोनो लावायचं तर ही सगळी बंद. फोनमध्येही डॉल्बी चालू असेल तर बघ, बऱ्याच फोनांत ते आधीपासून चालू असतं.

कानाला जमत नाही ते डोळ्यांना द्यायला काही गेम तयार असतात, काही नसतात. बीजीएमआयच्या छोट्या नकाशावर जवळच्या गोळीबाराच्या आणि पावलांच्या खुणा उमटतात. तुझी नजर नकाशाकडे जाते का, हे स्वतःला विचार. बहुतेकांची लक्ष्याच्या ठिपक्यालाच चिकटलेली असते. नकाशा सेटिंगमधून थोडा मोठा कर आणि दर दोन-तीन सेकंदांनी तिकडे बघायची सवय लाव, गाडी चालवणारा आरसा बघतो तशी. फोर्टनाइटमध्ये आवाज चित्ररूपाने दाखवायचं सेटिंग आहे: पडद्याच्या मध्याभोवती गोलात पावलं, गोळ्या, पेट्या यांच्या खुणा त्या-त्या दिशेला उजळतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१६ पासून सबटायटल्समध्ये कुठला आवाज कुठल्या बाजूने आला त्याचा बाण येतो. तुझ्या व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या पावलांची अशी खूण नाही. याचा मला राग येतो. स्पर्धेची बरोबरी बिघडेल असं कारण ऐकलंय, पण एका बाजूचं काहीच ऐकू न येणाऱ्या मुलीला आत्ता कुठली बरोबरी मिळते आहे?

दुसरी एक गोष्ट दोन कानांची माणसं कधी ध्यानातच घेत नाहीत, म्हणून सविस्तर सांगते. दोन कान असले की मेंदू दिशेवरून आवाज वेगळे करतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना शेजारच्या काकूंचं बोलणं उचलता येतं ते यामुळे. तुला ती सोय नाही. तुझ्या एका कानात पावलं, गोळ्या, गाडी, गेमचं संगीत आणि तीन मैत्रिणींच्या गप्पा एकाच नळीतून येतात. मोनो केल्यावर ही गर्दी आणखी वाढते, आणि लोक इथेच चुकतात: पावलं ऐकू येत नाहीत म्हणून पुन्हा आवाज वाढवतात. तू वाढवू नकोस, बाकीचं कमी कर. गेमचं संगीत शून्यावर. व्हॉइस चॅट पावलांपेक्षा खाली. घरात पंखा, टीव्ही, खिडकीखालच्या गाड्या यांचाही वाटा आहे. कानावर नीट बसणारा, बंद पाठीचा साधा हेडफोन बाहेरचं बरंच अडवतो आणि मग कमी आवाजात भागतं. पैसे घालायचेच असतील तर अशा गोष्टीत घाल. दुकानात जाऊन डोक्यावर घालून बघ, चष्मा असेल तर चष्म्यासकट, अर्धा तास दाब जाणवत नाही ना. वायरचाच घे, ब्लूटूथने आवाज पोचायला जो उशीर लागतो तो गेममध्ये खटकतो.

बाजारात डावा-उजवा एकत्र करणाऱ्या छोट्या पिना मिळतात, किंवा कुणी म्हणेल दे, वायर जोडून देतो. नुसत्या दोन वायरी एकमेकींना डकवून घेऊ नकोस. दोन्ही बाजूंचे ॲम्प्लिफायर एकमेकांत घुसतात, त्यात मध्ये रेझिस्टर लागतात. सेटिंगमध्ये फुकट होतं त्यासाठी फोन धोक्यात घालायला नको.

कुणी तुला हाडातून आवाज देणारा, कानाच्या पुढे बसणारा हेडफोन सुचवेल. कवटीतून आवाज दोन्हीकडे पसरतो, त्यामुळे डावीकडे लावलेला तुकडासुद्धा तुझ्या उजव्या आतल्या कानापर्यंत पोचतो. वायरलेस चालत असेल आणि कान मोकळा ठेवायचा असेल, दारावरची बेल, आईची हाक ऐकू यायला हवी असेल, तर बरा. दिशा तोही देणार नाही. पण तपासणीत तुझा डावा आतला कान चांगला निघाला तर तोच हेडफोन तुला पहिल्यांदा दोन्हीकडून ऐकवू शकतो. म्हणून म्हणते, खरेदीच्या आधी ऑडिओग्राम.

आता मुलींना सांगायचं का?

सांग. ते वाक्य तुला किती लागलं असेल ते मला कळतं, आणि जिने ते म्हटलं तिला माहीत नव्हतं हेही तुला कळतंय, नाहीतर तू हसली नसतीस. पण सांगायचं ते दया घ्यायला नाही, कामाला. चौघींच्या खेळात तुझ्या डाव्या बाजूची खबर कुणीतरी द्यायला हवी, आणि ती कशी द्यायची ते ठरवायला त्यांना माहीत असणं भाग आहे.

"डावीकडे, डावीकडे!" हे ओरडणं आधीच कुचकामी आहे. कुणाच्या डावीकडे? ओरडणारीचं तोंड उत्तरेला, तुझं पूर्वेला. बीजीएमआयमध्ये वरती कंपासची पट्टी आहे, ० ते ३६०. तिच्यावरून बोला. "दोनशे चाळीस, झाडामागे, एक." तू माउस किंवा अंगठा फिरवून २४० वर गेलीस की तो समोर. डावा-उजवा प्रश्नच उरला नाही. व्हॅलोरंटमध्ये नकाशावरच्या जागांची नावं आहेत, ती वापरा. हा नियम चौघींनी पाळला तर दोन कानांच्या तिघींनाही फायदा होईल, माझ्या भाचीच्या ग्रुपने तो उचललाच. दुसरं, शेवटच्या सर्कलमध्ये गप्पा बंद, फक्त आकडे. तिसरं, चालताना डाव्या टोकाला तू नको. आमचा मुलगा सतरंजीवर डाव्या टोकाला बसतो कारण तिथे त्याला माणसं ऐकायची असतात. तुला शत्रू ऐकायचा आहे, तेव्हा तुझी डावी बाजू एखाद्या मैत्रिणीने झाकावी आणि उजवी, जिथे तुझं लक्ष पक्कं असतं, ती तू धरावीस. इमारतीत असाल तर डावीकडे भिंत घे.

कसं सांगायचं? त्या मुलीला आधी एकटीला सांग, फोनवर नको. घणसोली स्टेशनवर, कॉलेजच्या वाटेवर, कुठेही, तिला तुझ्या उजव्या हाताला घेऊन. "परवा तू म्हणालीस ना, ते खरं आहे. डावा कान पाचव्या वर्षी गेला. मी मोनो लावलंय, आता आपण आकड्यांनी बोलू या का?" एवढंच. बाकीच्या दोघींना तीच सांगेल. ती गोंधळली, माफी मागत बसली, तर तिला मोबाइल दे आणि मोनो चालू-बंद करून एका कानाने पावलं ऐकायला लाव. माझ्या भाचीने असं केलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे मागच्या तीन वर्षांत तू अर्धाच गेम खेळत होतास?" आमचा मुलगा म्हणाला, "हो, आणि तरी तुला हरवत होतो."

स्पर्धेत सवलतीसाठी कुणी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागितलं तर एक माहिती असू दे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांतल्या ऱ्हासावर बेतलेली आहे, त्यामुळे एका कानाच्या माणसाला ते मिळणं अवघड जातं. अशा वेळी ऑडिओग्रामची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखव. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज परिस्थिती अशी आहे.

क्रम लक्षात ठेव: शिट्टी थांबेपर्यंत हेडफोन बंद, या आठवड्यात डॉक्टर, आज रात्री फोनमध्ये मोनो, सुट्टीच्या दिवशी दादासोबत पीसी. सरावासाठी भाचीसारखी फेऱ्या मारणारी कुणीतरी हवी, त्या तुझ्या मैत्रिणीलाच बोलाव. आणि तुझे आकडे ठरले, ०.८ चं काय झालं, उणे ९ चं काय झालं, की मला कळव. आमच्या मुलाला ते हवे आहेत. तो अजून त्याचे बदलत बसलाय.

तुझी,
ताई, ठाणे